अकरा पानांचे पत्र आणि एक सुरी

संपादकांच्या पत्रात दोन चुका आहेत, आणि लेख सुरू करण्यापूर्वी त्यांची नोंद करणे मी माझे कर्तव्य समजतो. पहिली चूक अशी की माझा उल्लेख ‘माजी कस्टम दलाल’ असा केला आहे. मला परवाना मिळाला तेव्हा त्यावर ‘एजंट’ हा शब्द होता. पुढे सरकारने नियम बदलले आणि एजंटाचा दलाल केला. त्यावर मी तीन पत्रे लिहिली. तिन्हींची पोच माझ्याकडे आहे. उत्तर एकाचेही नाही. दलाल माल विकून देतो. मी आयुष्यात कोणाचा माल विकलेला नाही. दुसऱ्याने परदेशातून आणलेल्या वस्तूला तिचे कायद्यातले नाव शोधून दिले, इतकेच माझे काम. दुसरी चूक म्हणजे ‘व्यवसायातील गमतीजमती’ लिहाव्यात, ही विनंती. मी ज्या प्रकरणाबद्दल लिहिणार आहे त्यात एका मुलीची हातातोंडाशी आलेली नोकरी गेली, आणि ती माझ्या पत्रामुळे गेली. याला गंमत म्हणत असतील तर संपादकांनी तसे लेखी कळवावे.

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून आधी तो सांगतो. परदेशातून आलेली प्रत्येक पेटी सरकारच्या ताब्यात उतरते. ती सोडवायची तर आत काय आहे, कशासाठी आहे आणि तिच्यावर कर किती, हे लेखी जाहीर करावे लागते. अधिकारी कागद पाहतो, कधी पेटी उघडतो, आणि समाधान झाले की माल सुटतो. वाचायला सोपे आहे. पण कायद्याच्या पुस्तकात नुसती ‘सुरी’ अशी वस्तूच नसते. जेवणाच्या टेबलावरची सुरी निराळी, यंत्रात बसणारे पाते निराळे, दाढीचा वस्तरा निराळा, घडीचा चाकू निराळा. त्यात आणखी शस्त्रांचा कायदा आडवा येतो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी म्हणजे शस्त्र, असे तो कायदा म्हणतो. आणि लगेच पुढे म्हणतो की ती घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली असेल तर शस्त्र नव्हे. माझी उमेदीची वर्षे या अपवादातल्या चार शब्दांत गेली. मुंबईतल्या कोणत्याही स्वयंपाकघरातली विळी पाहा आणि हे चार शब्द नसते तर आपल्या आया कुठे असत्या, याचा विचार करा.

हे मला शिकवले सामंतकाकांनी. ते माझे पहिले मालक आणि शेवटचेही, कारण त्यांच्या पश्चात तीच खोली मी चालवली. साकीनाक्याच्या एका गाळ्यात खाली लेथ मशीन आणि वर आमचे ऑफिस. खालचे यंत्र सुरू झाले की टेबलावरच्या टाचण्या थरथरायच्या आणि टाइपरायटरचे अक्षर हलायचे. काका म्हणत, ‘‘दुपारी जेवच्या सुट्टीत टाइप कर, तेव्हाच सरकाराक वाचूक येईल असा अक्षर उमटता.’’ मालवणचा माणूस. पांढरा सदरा आणि खिशात पेनाशेजारी सहा इंची लाकडी पट्टी. ती पट्टी कडांना झिजून गोल झाली होती. आम्ही दोघे रोज सकाळी मरोळमार्गे सहारला, विमानतळाच्या मालगोदामात, पायी जात असू. तेव्हा तो रस्ता मोकळा होता आणि वाटेत एका उपाहारगृहात काका माझ्यासाठी न विचारता मिसळ सांगत. आज त्या जागी काचेची इमारत आहे. तिच्या बेकायदा पार्किंगबद्दल महापालिकेला मी पाच पत्रे लिहिली आहेत, पण तो वेगळा विषय.

काकांचा नियम एकच होता. ‘‘सायबान इचारल्यान तेवढाच सांगूचा. इचारूक नाय, ता सांगा नको.’’

हा नियम मला पहिल्या दिवसापासून पटला नाही. माझा पिंड लिहिणाऱ्याचा. अन्याय दिसला की मला कागद लागतो, आणि अन्याय दिसला नाही तरी तो होण्यापूर्वी त्याचा बंदोबस्त करावासा वाटतो. काका माझी पत्रे वाचत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, ‘‘वालावलकर, तू वकील व्हवक होयो होतस. हयसर फुकट गेलस.’’ ती स्तुती आहे असे मी बरीच वर्षे समजत होतो.

त्यांचा नियम मी डोळ्यांनी यशस्वी होताना पाहिला आहे. साकीनाक्याच्याच एका छापखान्याने कागद कापण्याच्या यंत्रासाठी जर्मनीहून पाते मागवले होते. पाते जवळजवळ चार फूट लांब. पेटी उघडली तसा नव्यानेच रुजू झालेला अधिकारी दोन पावले मागे सरला. ‘‘ही तलवार आहे,’’ तो म्हणाला. माझ्या डोक्यात तत्काळ चार मुद्दे तयार झाले. मी तोंड उघडणार तोच काकांनी माझ्या पायावर पाय दिला.

‘‘साहेब, हिची मूठ खंय?’’ काका म्हणाले.

‘‘मूठ नाहीये.’’

‘‘मगे धरूची खंय?’’

अधिकारी पाहत राहिला आणि हसला. पाते त्याच दुपारी सुटले. परतताना काका मला म्हणाले, ‘‘बघलस? दोन प्रश्न. तुझी सात पाना झाली असती.’’

विचित्र गिऱ्हाइकेही आली. बोरिवलीचे एक गृहस्थ रेशमी सदऱ्यात, सुगंध लावून आले होते. त्यांनी परदेशी संकेतस्थळावरून काहीतरी मागवले होते आणि ते अडकले होते. कागदावर वस्तूचे वर्णन होते ‘पत्रे फोडण्याचे साधन’. मी छायाचित्र पाहिले. कळ दाबताच पाते उसळून बाहेर येणारा चाकू होता तो.

‘‘याने पत्रे फोडता तुम्ही?’’ मी विचारले.

‘‘हो ना. छंद आहे.’’

‘‘महिन्याला किती पत्रे येतात?’’

त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. मग म्हणाले, ‘‘आता पत्रं कोण पाठवतं हो? सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर.’’

मी त्यांना सांगितले की माझ्याकडे वर्षाला काही शे पत्रांची आवक-जावक आहे आणि ती सर्व मी अंगठ्याने फोडतो. खोटे वर्णन माझ्या सहीने जाणार नाही. गृहस्थ जाताना म्हणाले, ‘‘एवढा काय भाव खाता राव, दलालच ना तुम्ही?’’ त्यांचे प्रकरण मी हातात घेतले नाही, याचा मला आजही अभिमान आहे. पुढे त्यांनी ते कोणाकडून सोडवून घेतले का, हे मला माहीत नाही. माहीत असते तर मी लिहिले असते, आणि ते या अंकात नव्हे.

आता मूळ प्रकरण. माझ्या निवृत्तीआधीचे ते शेवटचे. काका तोवर नव्हते. त्यांची पट्टी माझ्या खिशात होती.

वैशाली तांबे मुलुंडची. तिची आई तिथे पोळी-भाजी केंद्र चालवते, आणि वैशालीने पाच वर्षे जपानात ओसाका शहरात एका लहानशा खानावळीत काम केले होते. तिथे मासा कच्चा वाढतात, त्यामुळे स्वयंपाक म्हणजे मुख्यतः कापणे, असे तिने मला समजावले. ती परत निघाली तेव्हा तिच्या वृद्ध गुरूंनी स्वतःची सुरी तिला दिली. तीस-बत्तीस वर्षे वापरलेली. आपल्या दोन लहान सुऱ्या आणि बाकीच्या सामानाबरोबर तिने ती पेटीत घालून मागाहून येण्यासाठी पाठवली होती आणि पेटी सहारला उतरली होती.

‘‘काका, पुढच्या बुधवारी माझी ट्रायल आहे,’’ ती खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली. ‘‘पवईला नवीन हॉटेल होतंय ना, तिथे. जपानी शेफ येणारे, स्वतः बघणार. आपापली सुरी घेऊन यायचं, असं त्यांनी कळवलंय. आमच्यात दुसऱ्याच्या सुरीने कापणं म्हणजे... कसं सांगू? दुसऱ्याचा चष्मा लावून परीक्षेला बसल्यासारखं.’’

‘‘लांबी किती?’’

‘‘पात्याची? साडेदहा असेल. आधी तेरा होती. सरांनी घासून घासून एवढी केली.’’

साडेदहा. मी पट्टीला हात घातला, आणि माझ्या डोक्यात नऊचा आकडा पेटला.

प्रकरण साधे होते. परत येणाऱ्या माणसाचे वापरलेले सामान, त्यात स्वयंपाकाच्या तीन सुऱ्या. तसे जाहीर करायचे आणि अधिकाऱ्याने विचारले तर उत्तर द्यायचे. पण मला दिसत होते की कोणीतरी तो साडेदहाचा आकडा पाहील, शस्त्र कायदा काढील आणि या मुलीचा बुधवार जाईल. ते होण्याआधीच मी त्याचा बंदोबस्त करायचे ठरवले. रविवार पूर्ण घालवून मी पत्र लिहिले. अकरा पाने. ‘घडवलेली’ या शब्दाचा अर्थ, पात्याच्या एकाच बाजूला असलेली धार, टोकाचा कोन, मुठीला आडवा दांडा नसणे, आणि शेवटी विळीचा दृष्टान्त. इतके चांगले पत्र मी त्यापूर्वी लिहिले नव्हते. आमच्या सौभाग्यवतींनी पहिली तीन पाने वाचली आणि म्हणाल्या, ‘‘अहो, पण कस्टमवाल्यांनी तुम्हाला काही विचारलंय का?’’

‘‘विचारणार आहेत,’’ मी म्हणालो.

सोमवारी सकाळी मी पत्र आवक खिडकीवर दिले. तिथला लिपिक म्हणाला, ‘‘ठेवून जा, साहेबांना दाखवतो.’’ मी नकार दिला. शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय मी आयुष्यात कोणत्याही खिडकीवरून हललेलो नाही. वीस मिनिटे उभा राहिलो आणि शिक्का घेतला.

त्याच दुपारी तपासणीवर साळुंखेसाहेब होते. कऱ्हाडकडचे, निवृत्तीला आलेले, कामात चोख आणि स्वभावाने शांत. माझा त्यांचा वीस वर्षांचा परिचय. पेटी उघडली. कपडे, पुस्तके, एक चिनी मातीचा बाऊल, आणि जुन्या सुती कापडात गुंडाळलेल्या तीन सुऱ्या. साहेबांनी लांब सुरी उचलली. घासून ती इतकी अरुंद झाली होती की पाते करंगळीच्या रुंदीचेही नव्हते. त्यांनी ती प्रकाशात धरली.

‘‘मासा कापायची?’’

‘‘हो सर,’’ वैशाली म्हणाली.

‘‘आमच्याकडं नदीचा मरळ असतोय. त्याला कोयताच लागतो,’’ असे म्हणत साहेबांनी पेन उघडले. त्यांनी ‘वापरलेल्या, स्वयंपाकाच्या’ एवढे लिहिलेले मी डोळ्यांनी पाहिले. तेवढ्यात आवक खिडकीवरचा शिपाई फाईल घेऊन आला आणि माझे पत्र त्यांच्यापुढे ठेवून गेला.

साहेबांनी पहिले पान वाचले. मग दुसरे. मग त्यांनी पेनाचे टोपण लावले.

‘‘वालावलकर,’’ ते सावकाश म्हणाले, ‘‘हे काय केलंत?’’

‘‘कायदेशीर स्थिती स्पष्ट केली.’’

‘‘कुणी विचारली होती? मी सोडत होतो हो. आता कागदावर ‘शस्त्र’ आलंय. ते ‘नाही’ म्हणून का असेना, आलंय. उद्या कुणी फाईल उघडली तर विचारणार, प्रश्न आला होता, साळुंखेनं अभिप्राय का नाही मागवला?’’

‘‘मग मी पत्र परत घेतो.’’

‘‘कसं घेणार? क्रमांक पडलाय.’’ त्यांनी बोट शिक्क्यावर ठेवले. ‘‘तुम्हीच मागून घेतलाय ना?’’

त्यांचे चुकले नव्हते. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केले असते, आणि केले नसते तर त्यांच्याविरुद्ध पत्र लिहिले असते. सुरी कापडात परत गुंडाळली गेली, वर लाखेचे सील लागले, आणि अभिप्राय मागवण्यासाठी फाईल एका खात्याकडून दुसऱ्याकडे निघाली. वैशाली माझ्याकडे पाहत होती. तिला अजून काही कळले नव्हते.

‘‘काका, झालं ना? मिळणार ना?’’

‘‘मिळेल. थोडा वेळ लागेल.’’

‘‘बुधवारपर्यंत?’’

मी तिला खरे उत्तर दिले. ती पिशवी उचलून माझ्याबरोबर बाहेर आली. फाटकाशी आल्यावर म्हणाली, ‘‘मला कायदा नको होता हो काका. मला फक्त सुरी पाहिजे होती.’’

त्या दोन दिवसांत मी काय काय केले ते सांगत नाही; ज्या वरिष्ठांना मी वर्षानुवर्षे पत्रांनी हैराण केले होते त्यांच्या दारात विनंती करायला उभे राहणे कसे असते, ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. हॉटेलला तारीख बदलण्याबद्दल तिनेच विचारले. त्यांनी नाही म्हटले. बुधवारी ती दादरहून आणलेली नवी सुरी घेऊन पवईला गेली. नंतर तिने मला एवढेच सांगितले की शेफने मासा कापायच्या आधी तिची सुरी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारले, ‘‘ही तुझी?’’ ती म्हणाली, ‘‘माझी कस्टममध्ये आहे.’’ तो नम्रपणे हसला. जागा दुसऱ्याला मिळाली.

अभिप्राय यायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. तो दीड ओळीचा होता. सदर वस्तू घरगुती वापराची असल्याने हरकत नाही. माझी अकरा पाने ज्या निष्कर्षासाठी होती, तोच.

माल सोडवायला आम्ही दोघे गेलो. पावसाळा उलटत आला होता. लाख फोडली, कापड उलगडले, आणि वैशालीने श्वास आत घेतल्याचे मला ऐकू आले. ती सुरी साध्या पोलादाची, गंज न चढणाऱ्या जातीची नव्हे. रोज पुसून, तेल लावून ठेवायची वस्तू. मुंबईच्या दमट हवेत ती दोन महिने सुती कापडात पडून होती. पात्यावर तांबूस ठिपके पडले होते, आणि टोकाजवळ एक मोठा डाग.

मला वाटले होते ती रडेल किंवा मला बोलेल. दोन्हींसाठी मी तयार होतो. तिने डागावरून अंगठा फिरवला आणि स्वतःशीच म्हणाली, ‘‘घासावी लागेल.’’ मग साळुंखेसाहेबांना नमस्कार केला, मला नमस्कार केला, आणि गेली.

त्या महिन्याअखेर मी परवाना परत केला. मुलांना मी वय झाल्याचे कारण सांगितले. खोली रिकामी करताना टेबलाच्या खणात माझ्या पत्रांच्या कार्बन प्रती सापडल्या, जुन्या वर्षांच्या. त्यांतल्या अनेकांवर समासात काकांच्या हातची पेन्सिलीची एक रेघ होती. तेव्हा मला वाटे की आवडलेल्या परिच्छेदावर ते खूण करतात. आता एकेक वाचून पाहिले. रेघ जिथे होती तिथे थांबलो असतो तर पत्र पुरे झाले असते. त्याखालचे सगळे कोणी न विचारलेले होते.

गेल्या वर्षी वैशालीचा फोन आला. मुलुंडलाच, आईच्या केंद्राशेजारचा गाळा घेऊन तिने सात खुर्च्यांची खानावळ सुरू केली आहे. ‘‘काका, काकूंना घेऊन या ना. तुम्ही खाल का माहीत नाही, पण या.’’ आम्ही गेलो. मी सोबत एक पत्र नेले होते. ते लिहायला मला रविवार लागला नाही. पण ते लिहायला घ्यायला मला सहा वर्षे लागली. देऊ की नको, हे ठरत नव्हते. तिने काही विचारले नव्हते.

ती कट्ट्यामागे उभी होती. पुढ्यात लाकडी फळी, फळीवर सुरमईचा तुकडा, आणि हातात तीच सुरी. मी चष्मा लावून पाहिले. डाग नव्हता. पाते मात्र पूर्वीपेक्षाही अरुंद वाटले.

‘‘किती गेली?’’ मी विचारले.

‘‘गंजात? केसभर.’’ ती हसली. ‘‘टोकाला थोडी जास्त. सरांना फोटो पाठवला होता. ते म्हणाले, माझ्या हातात असती तरी झिजलीच असती.’’

मी खिशाला हात लावला आणि काढून घेतला. तिने ते पाहिले.

‘‘काय आहे खिशात?’’

‘‘पत्र.’’

‘‘बाप रे! कुणाविरुद्ध?’’

आमच्या सौभाग्यवती पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मी पाकीट कट्ट्यावर ठेवले. वैशालीने हात पुसले. पाकीट फोडायला सुरी चालवावी असे मी गमतीने सुचवले, तेव्हा ती दचकली. ‘‘कागदाला? नाही हं काका.’’ तिने अंगठ्याने ते फोडले आणि उभ्या उभ्या वाचले. मजकूर दोन वाक्यांचा होता. चूक साळुंखेसाहेबांची नव्हती, कायद्याची नव्हती, माझी होती. त्याबद्दल मी क्षमा मागतो.

तिने कागद उलटून मागची बाजू कोरी असल्याची खात्री केली.

‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘एवढं लहान पत्र तुम्हाला येतं होय लिहिता?’’

 तिने कागदाची घडी करून गल्ल्यामागच्या फळीवर, आईने लावलेल्या देवाच्या तसबिरीपाशी ठेवली आणि पुन्हा सुरी उचलली. सुरमईवर टेकवून ती एकाच दिशेने, सावकाश आपल्याकडे ओढली. तुकडा पडला. मी समोर पट्टी खिशात ठेवून बसलो होतो. तुकडा पातळ होता, मोजायची गरज नव्हती.